साठ वर्षांचा स्लॅबचा बंगला: आधी दुरुस्ती, मग वाढ

आमच्या राजारामपुरीतल्या घराचा पोर्च दोन तिरक्या लोखंडी पाइपांवर उभा आहे. स्लॅब जेमतेम चार इंच जाड, एका कोपऱ्याला गोलाई. सासऱ्यांनी हे घर १९६२ मध्ये बांधलं. लांबलचक आडवे छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, समोरची एक भिंत काळ्या दगडाची, आत मोझॅकची फरशी. त्या काळात कोल्हापुरात अशी बरीच घरं झाली आणि आता ती एकेक करून पडताहेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्यावर निर्णयाची वेळ आली. सासूबाईंना जिना चढवेना. त्यांना तळमजल्यावर खोली आणि लागून बाथरूम हवं होतं. मुलाचं काम घरून सुरू झालं, सून आली. निम्म्या पाहुण्यांनी सांगितलं, पाडा आणि नवीन बांधा. उरलेल्यांनी सांगितलं, वर मजला चढवा. आम्ही दोन्ही केलं नाही. जुनं घर दुरुस्त केलं आणि मागच्या परड्यात वेगळं अंग जोडलं. माझं शिक्षण कॉमर्सचं, पण दीड वर्ष वही घेऊन इंजिनिअर, आर्किटेक्ट, गवंडी, सुतार आणि फॅब्रिकेटर यांच्यामागे फिरले. त्या वहीतलं कामाचं तेवढं इथे क्रमाने लिहिते.

घराची जात ओळखा

पेठांमधले वाडे लाकूड, माती, वीट आणि कौलांचे. त्यांच्या दुरुस्तीचं शहाणपण वेगळं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत राजारामपुरी, टाकाळा, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी अशा भागांत सिमेंट-लोखंडाचे बंगले उभे राहिले. देशभर तेच वारं होतं. जगप्रसिद्ध वास्तुकार ल कॉर्बुझिए १९५१ पासून चंदीगडच्या कामात होते. आपल्या कोकणातल्या आचऱ्यात १९१६ मध्ये जन्मलेले वास्तुकार अच्युत कानविंदे हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेतले मोठे नाव असलेल्या वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून परतले आणि अहमदाबादेत अटिरा या कापड संशोधन संस्थेची इमारत त्यांनी केली, तोही काळ हाच. आमच्यासारखी घरं अशा मोठ्या नावांची नाहीत. ती गावातल्या इंजिनिअरनी आणि ड्राफ्ट्समननी काढलेली आहेत. पण विचार तोच आहे: नक्षीकाम टाळायचं, उजेड-सावली आणि हवा यांचा हिशोब करून घर मांडायचं.

दुरुस्तीच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची. दिसायला ही घरं आरसीसीची वाटली तरी त्यातली बरीच भिंतींवर तोललेली असतात. स्लॅब सिमेंटचा, पण त्याखाली कॉलम नाहीत. नऊ इंची विटेची किंवा पंधरा-अठरा इंची दगडी भिंतच ओझं घेते. अशा घरात ‘हॉल मोठा करू’ म्हणून मधली भिंत काढणं म्हणजे कॉलम काढण्यासारखंच आहे. भिंतीची जाडी मोजा, वरच्या मजल्यावर तिच्या बरोबर डोक्यावर भिंत येते का बघा, आणि स्लॅबच्या सळया कोणत्या दिशेने धावतात ते इंजिनिअरकडून यंत्राने तपासून घ्या. हे झाल्याशिवाय घणाला हात लावू देऊ नका.

एक पावसाळा नुसतं बघा

हा सल्ला आम्हाला आमच्या आर्किटेक्टनी दिला तेव्हा मला राग आला होता. चार महिने का घालवायचे? आता वाटतं, सगळ्या खर्चात फुकट मिळालेली आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट तीच.

कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेकडून, वाऱ्याबरोबर आडवा येतो. जूनपासून दर पंधरा दिवसांनी भिंतीवरच्या ओलीची कड पेन्सिलीने आखा आणि शेजारी तारीख लिहा. सप्टेंबरपर्यंत भिंतच तुम्हाला कारण सांगते. ओल छताच्या मध्ये असेल तर गच्ची गळते. छत आणि भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर कठड्याचा सांधा किंवा तुंबलेला पाइप. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात असेल तर छज्जा. जमिनीपासून दोन-तीन फूट चढलेली आणि पांढरा लोणा धरलेली असेल तर पाणी खालून वर चढतंय.

या शेवटच्या प्रकाराला आपल्या शहरात एक खास कारण आहे. वर्षानुवर्षे डांबराचे थर चढून रस्ता वर आला, मग अंगणही भर टाकून वर घेतलं, आणि जोतं मातीत गेलं. जोत्यावर ओल अडवणारा जो थर होता, त्याच्या वरपर्यंत माती किंवा पेव्हर ब्लॉक आले की भिंत पाणी पिणारच. आतून कितीही रसायनं लावली तरी उपयोग नाही. आम्ही घराभोवती दीड फूट रुंदीची पट्टी खणून मूळ जोतं मोकळं केलं, त्यात खडी भरली आणि पाणी गटाराकडे काढलं. दोन पावसाळ्यांत भिंत कोरडी झाली, तोवर आतला गिलावा केला नाही.

याच चार महिन्यांत हवा कुठून येते आणि कुठून जाते, दुपारी ऊन कुठल्या फरशीपर्यंत पोचतं, तेही टिपून ठेवा. वाढीव बांधकाम कुठे करायचं याचं निम्मं उत्तर त्यात असतं.

मोजमाप आणि जुना नकाशा

जुना मंजूर नकाशा घरातल्या ट्रंकेत सापडला तर नशीब. नाहीतर महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करून प्रत मागता येते. नकाशा मिळाला तरी घर प्रत्यक्ष मोजून घ्याच, कारण बांधताना बदल झालेले असतात. प्रत्येक खोलीची उंची, जोत्याची पातळी, लिंटेलची (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीची) पातळी, छज्ज्याची जाडी आणि पुढे आलेली लांबी, स्लॅबची जाडी, सगळं कागदावर हवं. प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून फोटो काढा. पुढे एखादी जाळी फुटली किंवा कठड्याचा आकार विसरला तर हेच फोटो कामाला येतात.

भिंतींच्या भेगाही नकाशावर उतरवा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्याआधीच्या घरांत पायऱ्यापायऱ्यांनी गेलेल्या जुन्या भेगा दिसू शकतात. भेग जुनी आहे की अजून चालू आहे हे कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे, मग आधी पाया बघायचा.

स्लॅब आणि छज्जे: घाईचं काम नव्हे

या घरांचं खरं दुखणं इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काँक्रीट ताजं असतं तेव्हा ते अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हा गुण घालवतो. त्याला कार्बोनेशन म्हणतात. जुन्या स्लॅबमध्ये सळईखालचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, जेमतेम अर्धा इंच असतं, त्यामुळे पन्नास-साठ वर्षांत कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलेलं असू शकतं. वर ओल मिळाली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटून पडतं.

तपासणी साधी आहे. स्लॅबला खालून छोटा खड्डा घेतात, धूळ काढतात आणि फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. काँक्रीट गुलाबी झालं तर ते अजून चांगलं आहे. रंग आला नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत संरक्षण गेलेलं आहे. यासोबत रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा), अल्ट्रासॉनिक (आतल्या पोकळ्या-भेगा) आणि कव्हर मीटर (सळई किती आत आहे) यांच्या चाचण्या करून घ्या. शहरात हे काम करणारे स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. अहवालात प्रत्येक स्लॅबचा वेगळा आकडा मागा. ‘घर धोकादायक’ किंवा ‘घर ठणठणीत’ एवढ्या एका ओळीच्या अहवालावर पैसे घालवू नका. आमच्याकडे बैठकीचा स्लॅब उत्तम निघाला आणि वरच्या बाथरूमखालचा सडलेला. जिथे साठ वर्षं पाणी मुरलं तिथे तो तसा असणारच.

दुरुस्तीचा क्रम असा. आधी टेकू. मग सुटलेलं काँक्रीट हलक्या हाताने काढायचं, आणि सळईच्या मागे बोट जाईल इतकं काढायचं. सळईची फक्त खालची बाजू साफ करून वर मसाला थापला तर मागचा गंज चालूच राहतो. दुरुस्तीच्या भागाची कड सरळ कापून घ्यायची. सळई तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टने चकचकीत होईपर्यंत घासायची. तिची जाडी किती उरली ते कॅलिपरने मोजायचं आणि कमी भरली तर इंजिनिअर सांगेल तशी जोडीला नवी सळई घ्यायची. मग झिंकचा प्रायमर, मग पॉलिमर मिसळलेला मसाला थराथराने, आणि शेवटी भरपूर पाणी मारायचं.

आमचे गवंडीमामा सत्तरीचे आहेत. पहिला खड्डा उघडल्यावर त्यांनी मला बोलावून दाखवलं. “बघा वहिनी, गुळगुळीत सळई हाय. टोकाला आकडा मोडलाय. आताच्या सळईला पीळ असतोय, तिला आकडा लागत न्हाई. हिचा आकडा तोडला तर ही नुसती सरकंल.” जुन्या साध्या सळईची पकड त्या टोकाच्या आकड्यावर असते. दुरुस्तीत किंवा दार पाडताना तो कापला जाणार नाही याकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या.

छज्ज्याची गोष्ट तर अगदी उलटी आहे. स्लॅबची मुख्य सळई खालच्या बाजूला असते, पण भिंतीतून पुढे आलेल्या छज्ज्याची ती वरच्या बाजूला असते. म्हणून छज्जा वरून फोडायचा असेल तर खाली टेकू हवेतच. आणि छज्ज्याला मागून दाबून धरते ती त्याच्यावरची भिंत. खिडकी उंच करायची म्हणून ती भिंत काढली तर छज्जा कोसळू शकतो. माणसं यात जखमी होतात.

छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंच-दीड इंच आत एक बोटभर खाच असते. वरून आलेलं पाणी तिथेच टपकावं, भिंतीकडे ओघळू नये, म्हणून ती ठेवलेली असते. रंगवण्याच्या आधी ‘साफसफाई’ म्हणून ती लांबीने (पुट्टीने) किंवा गिलाव्याने बुजवतात. आमच्या पूर्वीच्या रंगकामात तेच झालं होतं आणि आम्ही दहा वर्षं खिडकीवरच्या ओलीला गच्चीची गळती समजत होतो. खाच पुन्हा मोकळी केली आणि तिथली ओल थांबली. बाहेरून फिरून एकदा आपल्या घराच्या सगळ्या खाचा बघून घ्या. छज्ज्याची कड जाड करून देऊ म्हणणाऱ्याला मात्र थांबवा. ही पातळ आडवी कडच या घरांचा चेहरा आहे.

गच्ची

गळते म्हटलं की लोक जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतात, दहा वर्षांनी पुन्हा एक. विटांच्या तुकड्यांचा चार-साडेचार इंचांचा कोबा दर चौरस मीटरला २०० किलोच्या पुढे जातो. असे दोन थर झाले की चार इंची स्लॅब दिवसरात्र डोक्यावर गर्दी घेऊन उभा आहे असं समजा. आमच्या गच्चीवर तीन थर निघाले. ते सगळे उतरवले, स्लॅबच्या भेगा भरल्या आणि एकच कोबा नीट उतार देऊन घातला. शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच उतार पुरतो. वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली. उन्हाळ्यात वरच्या खोल्या किती निवल्या ते सासूबाईंनीच पहिल्यांदा सांगितलं.

पाणी साठवून ४८ तास चाचणी घ्या आणि खालून बघा. पाण्याची टाकी स्लॅबच्या मध्ये ठेवू नका. हजार लिटर म्हणजे एक टन. ती दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर, लोखंडी तुळईवर ठेवा. सोलर हीटरलाही तोच नियम.

फरशी, खिडक्या, जाळ्या

मोझॅकची फरशी झाकू नका. तिच्यावर दोन इंच मसाला घालून व्हिट्रिफाइड टाइल बसवली तर दर चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास वजन वाढतं, दहा बाय बाराच्या खोलीला एक टनाहून जास्त. शिवाय दारं कापावी लागतात आणि जिन्याची पहिली पायरी ठेंगणी होते. जुनी फरशी कार्बोरंडमच्या दगडांनी पाणी मारत घासली की खालून पुन्हा तीच चमक निघते. फुटलेल्या जागी त्याच रंगाच्या संगमरवरी चिप्स शोधून पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग मिसळून भरता येतात. आधी वेगळ्या तुकड्यावर नमुना करून वाळवून बघा, कारण ओला रंग आणि सुकलेला रंग यांत फार फरक पडतो. आमचा चौथ्या नमुन्याला जमला.

लोखंडी पट्टीच्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवायचा मोह आवरा. सरकत्या खिडकीत उघडायला निम्मीच जागा मिळते, आणि तिच्या जाड चौकटीत त्या बारीक रेषा हरवतात. जुन्या खिडकीचा खालचा आडवा भाग तेवढा सडलेला असतो. तो कापून नवी पट्टी जोडता येते. इथे कोल्हापूरकर असण्याचा मोठा फायदा आहे. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशन, पॅटर्न आणि ओतकामाची पिढ्यांची कसब आहे. आमच्या खिडक्यांचे पितळी अडणे बाजारात मिळेनात, तेव्हा एक चांगला अडणा नमुना म्हणून दिला आणि तसेच चौदा ओतून घेतले. खिडकी घासून प्रायमर द्या, काच चार-पाच मिलिमीटरची घ्या, आणि काचेभोवती सिलिकॉन नको, जवसाच्या तेलाची लांबीच भरा, म्हणजे पुढे काच बदलता येते. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासायचा नाही, ओला करून खरवडायचा, आणि लहान मुलांना त्या दिवसांत दूर ठेवायचं.

सिमेंटच्या जाळीचे फुटलेले ठोकळे लाकडी साच्यात नव्याने ओतता येतात. काळ्या दगडाच्या भिंतीला रंग किंवा लॅकर लावू नका, दगडांमधल्या सांध्यांच्या दर्जा तेवढ्या नव्याने भरा.

पोर्चवर किंवा मागे ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील तर ते फोडू, कापू किंवा भोकं पाडू नका. पाणी मारून, मास्क लावून, बोल्ट सोडवून अखंड उतरवायचे. आणि फरशी-रंगाच्या आधी वायरिंग. त्या काळच्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगला बऱ्याचदा अर्थिंगच नसतं. सगळं नव्याने करा, आरसीसीबी (वीज गळाली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवा, आणि भिंती खोदण्याऐवजी पाइप बाहेरून सरळ रेषेत न्या. या घरांना ते शोभतं.

वाढवायचं कुठे

आता मुख्य प्रश्न. वर मजला चढवायला आम्ही नाही म्हटलं, त्याची दोन कारणं. पाया आणि भिंती जेवढ्या मजल्यांसाठी बांधल्या तेवढंच ओझं त्यांना माहीत आहे, आणि भूकंपाचे आजचे नियम १९६२ चे नव्हेत. दुसरं कारण दिसण्याचं आहे. अशा घराची सगळी मांडणी आडवी असते. वर डबा ठेवला की ती मोडते आणि मग काहीही करून सावरत नाही.

बाजूला किंवा मागे, तळमजल्यावर, वेगळं अंग. हे आम्हाला पटलं. त्यात जपायच्या गोष्टी अशा.

नवं बांधकाम जुन्या भिंतीला चिकटवायचं नाही. दोघांमध्ये साडेचार फूट रुंदीचा, हलक्या छताचा, दोन्ही बाजूंना जाळी-काच असलेला बोळ ठेवला. जुन्या घरातून त्या बोळात जायला नवं भोक पाडलं नाही, स्वयंपाकघराची मागची खिडकी खालपर्यंत उतरवून दार केलं. लिंटेल जुनंच राहिलं, भिंतीची ताकद गेली नाही. पुढे कोणाला हे अंग काढायचं झालं तर ती पुन्हा खिडकी होऊ शकेल.

नवा पाया स्वतंत्र. आधी एक चाचणीखड्डा घेऊन जुन्या पायाची खोली आणि खालची माती बघा. मुरूम लागला तर बरं. काळी माती लागली तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे नवं आणि जुनं वेगवेगळं हलणार. जुन्या पायाच्या शेजारी त्याच्यापेक्षा खोल खणायची वेळ आली तर एकदम लांब चर मारायचा नाही, तुकड्यातुकड्यांनी खणायचं आणि लगेच भरायचं. बोळ आणि जुनी भिंत यांच्यात इंच-दोन इंचांची फट सोडली आहे. नेमका आकडा इंजिनिअर ठरवेल. या फटीत गवंडी सवयीने मसाला भरतात. तो भरला की फटीचा उपयोग संपला. तिच्यावर फक्त एका बाजूला पक्की केलेली पत्र्याची पट्टी हवी, म्हणजे दोन्ही अंगं मोकळी हलतात आणि पाणी आत जात नाही.

उंचीच्या बाबतीत आमच्या आर्किटेक्टनी तीन दोऱ्या बांधून दाखवल्या: जोत्याची, छज्ज्याची आणि गच्चीची. नव्या अंगाचं जोतं आणि छज्जा जुन्याच्या पातळीत घेतला, गच्ची मात्र एक फूट खाली. त्यामुळे रस्त्यावरून जुनं घर पूर्वीसारखंच दिसतं. जुन्याची नक्कल केली नाही. नव्या भिंती उघड्या विटेच्या, खांब लोखंडी. खिडक्यांचं प्रमाण तेवढं जुन्यावरून घेतलं, उंचीपेक्षा रुंदी जास्त.

छज्जे मोजून काढा. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो उत्तरेकडे असतो. म्हणून आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीलाही छोटा छज्जा लागतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ५० अंशांवर असतो. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा असला तर तेव्हा त्याची सावली जवळजवळ अडीच फूट खाली उतरते, मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेच्या सुमारास साडेसहा फुटांच्या पुढे. म्हणजे थंडीत थोडं ऊन आत येतं आणि उकाड्यात येत नाही. पश्चिमेचं तिरकं ऊन छज्ज्याने अडत नाही. तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळी हवी, आणि तीच आडव्या पावसालाही अडवते.

जुन्या घराच्या मागच्या खिडक्या बंद होऊ देऊ नका. बोळाच्या एका बाजूला आम्ही आठ बाय दहाचा छोटा चौक सोडला, त्यात आधीपासूनचं पेरूचं झाड आहे. स्वयंपाकघराची हवा तिथून खेळते. सासूबाईंच्या खोलीला तीन फुटी दार, उंबरा नाही, बाथरूममध्ये न घसरणारी फरशी आणि भिंतीला पक्के धरायचे दांडे. हे सुरुवातीलाच नकाशात घ्या.

कागद

सिटी सर्व्हेचा उतारा, मोजणी, जुना मंजूर नकाशा, आणि उताऱ्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती. आमच्या नणंदेचं नाव उताऱ्यावर होतं. तिला आधी घरी बोलावून सगळं दाखवलं, मगच सही मागितली. कोल्हापुरासह महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत २०२० पासूनची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सोडायचं अंतर आणि किती बांधता येईल हे प्लॉटच्या मापावर आणि रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, ते परवानाधारक आर्किटेक्टकडून लिहून घ्या. नदीकडच्या भागात असाल तर निळी (अधूनमधून येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा आधी तपासा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. अशा ठिकाणी तळमजल्याच्या नव्या अंगात विजेचे पॉइंट उंच घ्या आणि मीटर वर न्या.

वर्षाचं गणित

पावसाळ्यात निरीक्षण आणि चाचण्या. गणपतीनंतर नकाशे आणि परवानगी. दिवाळी झाली की पाया. स्लॅबची दुरुस्ती थंडीत, तेव्हा मसाल्याला पाणी नीट टिकतं. गच्चीचं काम एप्रिलमध्ये संपवा, म्हणजे पाणी साठवून बघायला आणि चुकलं तर पुन्हा करायला मृगाआधी महिना मिळतो. रंग सर्वांत शेवटी, आणि बाहेरचा रंग एक पावसाळा गेल्यावर.

अंदाजपत्रकाच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी ठेवा. जुनं घर उघडल्याशिवाय सगळं सांगत नाही. करार कामागणिक दराने करा, गुत्ता, म्हणजे सगळ्याची एकच ठोक रक्कम, नको, कारण दुरुस्तीत माप आधी कळत नाही. आणि थोडी रक्कम, पाच टक्के का होईना, पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा. आमच्याकडे जुलैच्या पहिल्या जोरात बोळाच्या पट्टीखाली एका ठिकाणी थेंब आला. माणूस दुसऱ्या दिवशी आला, पट्टी दोन इंच लांब करून गेला.

भिंती बंद होण्याआधी प्रत्येक पाइप आणि वायर शेजारी टेप धरून फोटोत घ्या. ते फोटो, चाचण्यांचे अहवाल, चिप्सचा नमुना, रंगांचे नंबर आणि अडण्याचा साचा, एवढं सगळं आम्ही एका पेटीत घालून जिन्याखालच्या कपाटात ठेवलं आहे, सासऱ्यांच्या १९६२ च्या निळ्या नकाशासोबत.